एकदाच टाइप करायचं: रावेर तालुक्यातल्या एका केळी पेढीचं प्रकरण

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गाला लागून रावेर तालुक्यात केळी खरेदीची एक पेढी आहे. अशा पेढ्या रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात जागोजाग आहेत आणि त्यांची ऑफिसं साधारण सारखीच असतात: आत शेठची केबिन, बाहेर दोन टेबलं, भिंतीवर त्या दिवसाच्या भावाचा फळा, धूळ बसू नये म्हणून कापड टाकलेला प्रिंटर. या पेढीत कागदाचं काम तीन माणसांवर चालतं. वही सांभाळणारे मुनीमजी, ज्यांचे केस याच गादीवर पिकले. फैजपूरला बी.कॉम. झालेली ऑपरेटर ताई. आणि सहीपुरते शेठ. चौथा शेठचा पुतण्या. तो पुण्यात आयटीत आहे आणि सणाला घरी आला की ऑफिसात डोकावतो.

त्यानंच एका दिवाळीत विषय काढला, की काका, हे सगळं ऑटोमेट होतं. शेठ म्हणाले, होतं तर करा. माझ्याकडे हे काम आलं तेव्हा शेठची अपेक्षा एका वाक्यात होती: काट्याची पावती आली की एक बटण दाबायचं आणि शेतकऱ्याच्या खात्यात पैसे. पुतण्याची अपेक्षा वेगळी. त्याला एक छानसं ॲप हवं होतं. मुनीमजींची काहीच अपेक्षा नव्हती. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "हे मशीन मले विचारल्याशिवाय पैसे तं नाही ना पाठवनार?"

पुढचं सगळं काम या प्रश्नाच्या आधारानं झालं, म्हणून तो जसाच्या तसा दिला आहे.

एका आकड्याचा प्रवास

मळ्यात घड कापले जातात, गाडी भरते, भुईकाट्यावर जाते. रिकाम्या गाडीचं वजन आधी झालेलं असतं, भरलेल्या गाडीचं नंतर होतं, आणि दोन्हींमधला फरक म्हणजे मालाचं वजन. पावतीचा फोटो भरती करणारा माणूस व्हॉट्सॲपवर टाकतो. मुनीमजी तो बघून वहीत नोंद करतात. ताई वहीतून एक्सेलमध्ये पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब, बनवते: वजन, दांड्याची (घडाच्या देठाच्या वजनाची) कपात, भाव, आधीची उचल, देय रक्कम. पट्टी छापली जाते. मग तीच रक्कम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मग तीच बँकेच्या पानावर, एकेका शेतकऱ्याचं नाव निवडून. शेवटी तीच रक्कम व्हॉट्सॲपवर शेतकऱ्याला, "आपले पेमेंट केले आहे" या मजकुरासह.

म्हणजे एकच आकडा पाच ठिकाणी हातानं लिहिला जात होता. प्रत्येक ठिकाणी चुकायची संधी होती, आणि चूक सापडायची जागा एकच: शेतकऱ्याचा फोन. हंगामात गाड्या वाढल्या की ताईला रात्री उशिरापर्यंत थांबावं लागायचं आणि तिचे वडील मोटारसायकल घेऊन बाहेर उभे असायचे.

एक गोष्ट या धंद्यात सोपी आहे हे आधीच सांगतो. ताज्या केळीवर जीएसटी नाही आणि ती करमुक्त मालात मोडत असल्यानं ई-वे बिलही लागत नाही. त्यामुळे सरकारी पोर्टलं, कॅप्चा, सत्र संपल्याचा संदेश या भानगडी इथे नव्हत्या. जिनिंग किंवा डाळ मिलच्या ऑफिसात हेच काम करायचं तर निम्मा जीव तिथेच जातो.

टायपिंग हा दुखण्याचा भाग नव्हताच

काही संध्याकाळी ताईच्या शेजारी नुसतं बसून बघितलं. सल्ला द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. ऑटोमेशनच्या कामात ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि थेट सॉफ्टवेअर उतरवून घेतात. बसल्यावर जे दिसलं ते तिघांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं: आकडे टाइप करायला तिला फारसा वेळ लागतच नव्हता. वेळ जात होता माणूस शोधण्यात.

मुनीमजींच्या वहीत लिहिलेलं असायचं, "निंभोऱ्याचे आबा". एक्सेलच्या पट्टीत त्याच माणसाचं पूर्ण नाव मराठीत, पण जुन्या फॉन्टमध्ये. टॅलीत तेच नाव इंग्रजी स्पेलिंगनं, आणि ते स्पेलिंग त्या दिवशी जो बसला असेल त्याच्या मनाप्रमाणे. बँकेत पासबुकावर आहे तसं. एका माणसाची चार नावं. उलटंही होतं: एकाच गावात, एकाच आडनावाचे, नाव आणि वडिलांचं नावही सारखं असलेले दोन शेतकरी. ते वेगळे कसे ओळखायचे हे मुनीमजींना ठाऊक. एकाची केळी नदीकाठची, दुसऱ्याची डोंगराकडची. कॉम्प्युटरला नदी आणि डोंगर कळत नाही.

जुन्या फॉन्टचा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा, कारण खान्देशातल्या अर्ध्या ऑफिसांत तो दडून बसलेला आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा पद्धतींत पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलमध्ये साठवलेलं असतं ते रोमन अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं. फॉन्ट बदलला की सगळं उघडं पडतं. अशा मजकुरात शोध घेणं, जुळवणी करणं, क्रम लावणं काहीच नीट होत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात आणि ते बरंचसं काम करतात; रफार, अर्धी अक्षरं आणि "ऱ्या" अशा ठिकाणी मात्र हमखास गडबडतात. निंभोऱ्याचा तर पहिल्याच ओळीत चुराडा झाला. शेवटी यादी यंत्रानं बदलली आणि प्रत्येक नाव ताईनं डोळ्यांखालून घातलं.

त्यानंतर प्रत्येक शेतकऱ्याला एक कोड दिला. गावाची दोन अक्षरं आणि पुढे क्रमांक. मोबाइल नंबरच कोड म्हणून वापरू असं पुतण्या म्हणत होता, पण तीन भाऊ एका मुलाचा नंबर देतात आणि तो मुलगा दर वर्षी सिम बदलतो. आधार क्रमांकाचाही विचार निघाला. तो मी साफ नाकारला. केळीची पट्टी करायला आधार लागत नाही, आणि जे लागत नाही ते साठवून ठेवणं म्हणजे पुढची डोकेदुखी विकत घेणं.

खाते क्रमांक आणि एक्सेलचा हट्ट

पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो गोळा करायला सगळ्यात जास्त वेळ गेला. काम सोपं, पण माणसं मळ्यात. भरतीवाल्या पोरांना सांगितलं, गाडी भरायला जाल तेव्हा फोटो घेऊन या. तेव्हा कुठे यादी पुरी होत आली.

ती भरताना दोन जुने दोष वर आले. पहिला एक्सेलचा. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं. पुढच्या अंकांच्या जागी शून्य टाकतं, आणि तेही न सांगता. आपल्याकडे १६ अंकी खाते क्रमांक देणाऱ्या बँका आहेत. शिवाय क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर एक्सेल ते गिळून टाकतं. उपाय एकच: तो रकाना भरायच्या आधी "टेक्स्ट" करून ठेवायचा. नंतर करून उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही.

दुसरा दोष आयएफएससी कोडचा. हा ११ अक्षरी असतो. पहिली ४ अक्षरं बँकेची, पाचवी जागा नेहमी शून्य, उरलेल्या ६ जागा शाखेच्या. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी "ओ" टाइप करणं ही सगळीकडे आढळणारी चूक. शिवाय बँकांची विलीनीकरणं झाली, १ एप्रिल २०१९ ला देना बँक बडोदा बँकेत गेली, १ एप्रिल २०२० ला आणखी काही बँका एकत्र झाल्या, आणि कोड बदलले. यादीत मात्र जुनेच कोड राहिले होते. दोन छोटी सूत्रं लावली: लांबी ११ आहे का, पाचवी जागा शून्य आहे का. नसेल तर रकाना लाल. जुना कोड यातून पकडला जात नाही, तो पासबुकावरूनच बघावा लागतो.

इथपर्यंत ऑटोमेशनचं एकही सॉफ्टवेअर लावलेलं नव्हतं. तरीही ताई लवकर घरी जायला लागली होती. शेठना हे पटायला जड गेलं, कारण पडद्यावर नवीन काहीच दिसत नव्हतं.

मग हत्यारं

मुख्य फाइल एकच केली. त्यात एका गाडीची, किंवा गाडीतल्या एका शेतकऱ्याच्या मालाची, एक ओळ. ताई कोड टाकते, नाव-गाव-खातं आपोआप येतं. रिकामं वजन आणि भरलेलं वजन टाकते, निव्वळ वजन फाइल काढते. पावतीवर काट्यानं स्वतः काढलेलं निव्वळ वजन छापलेलं असतंच. ते तिनं फक्त ताडून बघायचं. जुळलं तर दोन्ही आकडे बरोबर टाइप झाले. पावतीतच पडताळणी होती, आजवर कुणी वापरली नव्हती.

फोटोवरून आकडे वाचणारं सॉफ्टवेअर लावावं अशी पुतण्याची फार इच्छा होती. करून बघितलं. फिकट पडलेली छपाई, घडी पडलेला कागद, वर अंगठ्याचा डाग. तीनाचा आठ होतो. पैशांच्या कामात जवळपास बरोबर याला किंमत नाही. ते सोडून दिलं.

या फाइलीतून पट्टी तयार करायचं काम एक्सेलच्या मॅक्रोला, म्हणजे ठरलेल्या पायऱ्या आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, दिलं. मॅक्रोची भाषा, व्हीबीए, एक्सेलमध्ये १९९३ पासून आहे. नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही. मॅक्रो ओळीमागून ओळ घेतो, पट्टीच्या साच्यात भरतो, पीडीएफ करतो आणि कोड व तारीख असं नाव देऊन त्या दिवसाच्या फोल्डरात ठेवतो. पहिल्या दिवशी तो चाललाच नाही. पुतण्यानं फाइल पुण्याहून मेलवर पाठवली होती, आणि २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली आहे. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "अनब्लॉक"वर खूण केल्यावर चालू झालं. ही खूण आपण स्वतः बनवलेल्या किंवा बनवणाऱ्याला ओळखत असलेल्या फाइलीलाच करायची, हे ताईला मुद्दाम बजावलं.

महिनाअखेरच्या हिशेबासाठी पॉवर क्वेरी हे एक्सेलमधलंच साधन. रोजच्या फाइली एका फोल्डरात असल्या की ती सगळ्या एकत्र करून देते. पहिल्यांदा पायऱ्या ठरवायच्या, मग दर महिन्याला फक्त "रिफ्रेश". २०१६ च्या एक्सेलपासून ती आतच येते, तरी पाच फाइली उघडून कॉपी-पेस्ट करणारे अकाउंटंट मला जळगावात आजही भेटतात.

टॅलीचा भाग जास्त शिकवून गेला. आधी पुतण्यानं मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप लावून बघितलं. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये सॉफ्टोमोटिव्ह ही कंपनी घेतली, तिच्या विनऑटोमेशनवर हे साधन उभं राहिलं. मार्च २०२१ पासून विंडोज १० वाल्यांना ते फुकट आहे, आणि विंडोज ११ मध्ये सोबतच येतं. आपण जे क्लिक करतो, जे टाइप करतो ते रेकॉर्ड करतं आणि पुन्हा करून दाखवतं. बघायला जादू. टॅलीच्या चाचणीच्या कंपनीत त्यानं धडाधड नोंदी केल्या, आणि मध्येच ताईच्या पडद्यावर दुसरी एक खिडकी पुढे आली. रेकॉर्ड केलेली बोटं थांबली नाहीत. ती पुढची सगळी बटणं त्या खिडकीत दाबत राहिली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पडदा १२५ टक्क्यांवर मोठा केलेला होता, तिथे क्लिकच भलत्या जागी. पडद्यावरच्या जागेऐवजी बटणाच्या ओळखीवर काम करायला या साधनाला सांगता येतं, आणि तसंच सांगावं. पण मुळात आंधळ्यानं टाइप करण्याची गरजच काय, हा प्रश्न उरतो. टॅलीप्राइमच्या ४.० आवृत्तीपासून एक्सेलमधून नोंदी थेट आत घेता येतात. त्याआधीही एक्सएमएल फाइलीनं घेता यायच्या. तीच वाट धरली. जिथे सॉफ्टवेअरला स्वतःचं दार आहे तिथे खिडकीतून चढायचं नाही.

पॉवर ऑटोमेट डेस्कटॉपची फुकट आवृत्ती ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होत नाही, माणसानं चालू करावी लागते, हेही या पेढीच्या दृष्टीनं बरंच होतं.

ताईचं आवडतं हत्यार

एवढ्या सगळ्यात ताईला मनापासून आवडलं ते सगळ्यात छोटं: ऑटोहॉटकी. २००३ पासून असलेलं, फुकट, मुक्त स्रोत, विंडोजवर चालणारं. साध्या मजकूर फाइलीत आपण लिहायचं की अमुक बटणं दाबली की तमुक कर, अमुक अक्षरं टाइप केली की त्या जागी तमुक मजकूर टाक. तिच्या फाइलीत आता दोन अर्धविराम आणि एक टाइप केलं की "रामराम भाऊ, आपल्या केळीची पट्टी सोबत जोडली आहे, वजन व भाव तपासून घ्यावा" एवढं उमटतं. दोन टाइप केलं की पेमेंटचा मजकूर. तीनला पासबुकाचा फोटो मागण्याचा. एका बटणावर आजचं फोल्डर उघडतं. एवढंच. दिवसातून पन्नास वेळा करायचं काम असेल तर एवढंच फार होतं.

या साधनाबद्दल दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि तिची लिहिण्याची पद्धत पहिलीहून वेगळी आहे. इंटरनेटवर आणि एआयच्या उत्तरांत जुन्या पद्धतीचे नमुने अजून भरपूर सापडतात; ते नव्या आवृत्तीत टाकले की चूक असल्याचा संदेश येतो आणि माणूस वैतागून सोडून देतो. आणि मराठी मजकूर असेल तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत जतन करायची. पहिल्या आवृत्तीत ते नीट न केल्यास देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात. दुसरी आवृत्ती मुळातच यूटीएफ-८ धरून चालते. म्हणून इथे सरळ दुसरीच लावली.

व्हॉट्सॲपवर पट्ट्या आपोआप पाठवायच्या नाहीत हेही ठरवलं. साध्या व्हॉट्सॲपला बाहेरून चालवणारी साधनं मिळतात, पण कंपनीच्या अटींत ते बसत नाही आणि नंबर बंद होऊ शकतो. या पेढीचा नंबर शेकडो शेतकऱ्यांच्या फोनमध्ये साठवलेला आहे. तो गेला तर काय होईल याचा हिशेब शेठनी माझ्याआधीच केला. ताई पीडीएफ ओढून टाकते, मजकूर दोन अर्धविरामांनी येतो.

मुनीमजींच्या डोक्यातले नियम

खरी चर्चा झाली ती पट्टीच्या सूत्रावर. भाव कोणत्या दिवसाचा धरायचा? सौदा ठरला त्या दिवसाचा की गाडी भरली त्या दिवसाचा? दोन्हींमध्ये पाऊस पडला, मजूर मिळाले नाहीत, गाडी आली नाही, तर? मुनीमजी म्हणाले, माणूस बघून. म्हणजे काय? मग एकेक नियम बाहेर आला. ज्याचा माल आमच्यामुळे राहिला त्याला जो भाव जास्त तो. ज्यानं स्वतः थांबवला त्याला भरतीच्या दिवसाचा. फळ्यावर नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी अशा केळीच्या प्रकारांचे भाव वेगवेगळे. एकाच मळ्यातला माल दोन प्रकारांत गेला तर ओळी दोन. उचल एकदम कापायची नाही, लग्नसराईत तर नाहीच. दोन भावांचा सामायिक मळा असेल तर रक्कम दोन खात्यांवर, पण थोरल्याला विचारून.

यातले जे नियम सूत्रात बसले ते बसवले. जे बसत नव्हते त्यांच्यासाठी एक मोकळा रकाना ठेवला, "मुनीमजींचा शेरा", आणि त्यात काही लिहिलेलं असेल तर ती पट्टी मॅक्रो आपोआप काढत नाही, बाजूला ठेवतो. पुतण्याला हे कमीपणाचं वाटलं. मला तो या सगळ्या कामातला सगळ्यात शहाणा रकाना वाटतो.

पट्टीवर आता भावाची तारीख आणि दांड्याची कपात वेगळी छापून येते. आधी सगळं एकाच आकड्यात मिसळलेलं असायचं. परिणाम असा की पहिले काही आठवडे शेतकऱ्यांचे फोन वाढले. कपात दिसायला लागल्यावर माणूस विचारणारच. शेठ थोडे अस्वस्थ झाले, जुनी पट्टी परत आणायचाही विचार झाला. मुनीमजींनीच ती येऊ दिली नाही. ते म्हणाले, विचारू राहिले ते बरं, न विचारता दुसरीकडे माल देणारे जास्त वाईट.

पैसे पाठवण्याचं बटण

शेठचं मूळ मागणं हेच होतं आणि तेच पुरं केलं नाही. फाइल तयार होईपर्यंत सगळं यंत्रानं. पैसे निघण्याचं काम माणसानं. बँका व्यवसायाच्या खात्यांना एकगठ्ठा पेमेंटची फाइल चढवायची सोय देतात. मॅक्रो ती फाइल बँकेच्या साच्यात बनवतो आणि शेवटी दोन आकडे दाखवतो: एकूण किती जणांना, एकूण किती रुपये. मुनीमजी वहीतून तेच दोन आकडे स्वतंत्रपणे काढतात. जुळले तर ताई फाइल चढवते, शेठ आपल्या फोनवर ओटीपी घेऊन मंजूर करतात. चढवणारा आणि मंजूर करणारा वेगळे, हे बँकेच्या खात्यातच बसवून घेतलं. पासवर्ड कुठल्याही स्क्रिप्टमध्ये नाही. ऑटोहॉटकीची फाइल नोटपॅडमध्ये उघडते, कुणीही वाचू शकतं.

नवीन खात्याला पहिलं पेमेंट करण्याआधी नाव तपासायचं. पूर्वी हे अवघड होतं, कारण एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावरून जमा होतात, नाव जुळो न जुळो. रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी लाभार्थ्याचं नाव आधी दाखवण्याची सोय सुरू करायला बँकांना सांगितलं होतं. ती वापरायची. आणि १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालत असल्यानं घाई करून संध्याकाळीच सगळं उरकण्याचं कारण नाही. शंका असेल ती पट्टी सकाळी. अमावास्येला शेठ मोठी रक्कम काढत नाहीत. त्यासाठी सूत्र मागितलं नाही, मीही दिलं नाही.

वीज गेली तेव्हा

उन्हाळ्यात एका संध्याकाळी पट्ट्या निघत असताना वीज गेली. यूपीएसची बॅटरी नावापुरतीच होती. निम्म्या पट्ट्या झालेल्या, निम्म्या राहिलेल्या, कोणत्या ते कुणाला ठाऊक नाही. पुन्हा चालवलं तर काहींच्या दोनदा निघतील, आणि दोनदा निघालेली पट्टी म्हणजे दोनदा मागितलेले पैसे. मग मॅक्रोत एक बदल केला. एक पट्टी पुरी झाली की लगेच त्या ओळीसमोर "झाली" लिहायचं आणि फाइल जतन करायची. सुरू करताना "झाली" असलेल्या ओळी सोडून द्यायच्या. आता तो मध्येच कितीदाही बंद पडला तरी पुन्हा बटण दाबायला भीती नाही. मला विचाराल तर विकत घेतलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आधी हे बघावं: अर्ध्यात तुटलं तर पुन्हा सुरू करता येतं का.

बॅकअपचं वेगळंच निघालं. ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरला रात्री फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवायला सांगितलं होतं, पण काही रात्री त्या उतरतच नव्हत्या. कारण सापडलं ते असं: ते काम लॅपटॉपवर लावलेलं होतं, आणि टास्क शेड्यूलरमध्ये "लाइटवर असेल तरच चालव" ही अट आधीपासून खूण केलेली असते. लोडशेडिंगच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर, म्हणून काम बंद. ती खूण काढली, आणि "वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव" ही खूण लावली. खान्देशात टास्क शेड्यूलर लावणाऱ्यानं या दोन खुणा आधी बघाव्यात.

सध्या

मुनीमजींची वही चालू आहे. ती बंद करायचा विषय कुणी काढला नाही, आणि दोन आकडे जुळवायला ती लागतेच. ताईनं सगळ्या पायऱ्या मराठीत एका कागदावर लिहून कॉम्प्युटरमागे भिंतीला चिकटवल्या आहेत; कपातीची टक्केवारी बदलायची तर कुठे, नवीन शेतकरी घालायचा तर कसा. पुतण्याला फोन न करता ती हे करते, त्यामुळे हे काम टिकेल असं वाटतं. सॉफ्टवेअरवर नवीन खर्च झाला नाही. एक्सेल आणि टॅली आधीपासून होतेच. यूपीएसची बॅटरी मात्र घ्यावी लागली.

आता शेठना गाडीभाड्याचा हिशेबही असाच करून हवा आहे. दिल्ली-पंजाबकडे जाणाऱ्या गाड्या, आगाऊ दिलेलं डिझेल, उरलेलं भाडं, माल खराब झाला तर कपात. मुनीमजींच्या वहीत त्या नोंदी ड्रायव्हरच्या नावानं आहेत, गाडीच्या नंबरानं नाहीत, आणि त्यातले निम्मे ड्रायव्हर "सरदारजी" या एकाच नावानं आहेत. ताईनं गाडी नंबरांची यादी करायला घेतली आहे.